निःस्पृहतेचा वारसा

चीनमधील हान राजवटीत यांग झेन हा अधिकारी दोंगलाई प्रांताचा कारभार स्वीकारण्यास निघाला असता, त्याच्याच शिफारशीने पद मिळालेला वांग मी रात्री सोने घेऊन आला. अंधारात कोणाला कळणार, असे तो म्हणाला. स्वर्ग, देवता, तू आणि मी असे चौघे जाणतात, असे सांगून यांग झेनने ते नाकारले.

त्याची मुले-नातवंडे साधे अन्न खात, पायी फिरत. मुलांसाठी मालमत्ता करण्याचा सल्लाही त्याने मानला नाही. निष्कलंक अधिकाऱ्याचे वंशज हा लौकिकच त्यांना पुरेसा, अशी त्याची धारणा होती.

दरबारातील मनमानीविरुद्ध बोलल्याने इ. स. १२४ मध्ये पदच्युत झालेल्या यांग झेनने विषप्राशन केले. मात्र मुलगा, नातू व पणतू पुढे त्याच्याच सर्वोच्च पदावर पोहोचले.