गाडी जुनी, बिल नव्या गाडीचे

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, तेव्हा त्या ६५ कोटींच्या खरेदीची चर्चा देशभर झाली. सरासरी काढली तर गाडीमागे ४३ लाख रुपये. स्टेट बँकेने या गाड्यांसाठी सुमारे ७ टक्के दराने कर्ज दिले होते. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी चढे व्याज मोजावे लागत होते, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिले. त्या वादात नव्या गाड्यांचीच चर्चा झाली. त्या जुन्या होतील तेव्हा त्यांचा भार कोण उचलणार, हे कोणी विचारले नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०१० साली रस्त्यावर आलेल्या त्या पिढीची मुदत २०२५ मध्ये भरली. दरम्यान त्या काळातल्या असंख्य आलिशान गाड्या पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेल्या, आणि प्रत्येक हस्तांतरात किंमत घसरत गेली. या पंधरा वर्षांकडे वळून पाहताना मला एकच गोष्ट ठळकपणे दिसते. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण तिच्या देखभालीचा खर्च तिच्या मूळ किमतीलाच बांधलेला राहतो. बाजाराने, बँकांनी आणि विमा कंपन्यांनी हिशेब धरला तो उतरलेल्या किमतीचा. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचे कंबरडे मोडले ते तिथे.

याची मुळे थोडी मागे आहेत. मर्सिडीज भारतात आली ती टाटांच्या टेल्कोशी भागीदारी करून, आणि १९९५ पासून पिंपरीच्या कारखान्यात ई-क्लासची जोडणी सुरू झाली. ती डब्ल्यू-१२४ या पिढीची गाडी होती. जाड पत्रा, साधे इंजिन, आजच्या मानाने नगण्य इलेक्ट्रॉनिक्स. या गाड्या लाखो किलोमीटर चालल्या, हे खरेच आहे. आजही त्या सांभाळणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत, आणि चांगला मिस्त्री हाताशी असेल तर त्या परवडतातही. 'जर्मन गाडी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी' ही ख्याती भारतात या गाडीने रुजवली. पुढे २००७ मध्ये बीएमडब्ल्यूने चेन्नईत कारखाना काढला, त्याच वर्षी ऑडीने औरंगाबादला शेंद्र्याच्या स्कोडा कारखान्यात जोडणी सुरू केली, २००९ मध्ये मर्सिडीज चाकणला गेली, आणि टाटांकडे आलेल्या लँड रोव्हरची जोडणी २०११ पासून पुण्यात होऊ लागली. या नव्या गाड्यांना जुन्या ख्यातीचा वारसा आपोआप मिळाला. यंत्र म्हणून मात्र त्या अगदी वेगळ्या होत्या. जुनी गाडी घेणारा माणूस १९९५ च्या भरवशावर २०१० ची गाडी घेत राहिला.

हा फरक कुठे महागात पडतो, हे नेमके पाहिले पाहिजे. एअर सस्पेंशन घ्या. यांतल्या काही गाड्यांत लोखंडी स्प्रिंगऐवजी रबराचे फुगे असतात आणि कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. आपल्याकडची उष्णता, धूळ आणि खड्डे यांनी काही वर्षांत रबराला बारीक चिरा पडतात. सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते, सुरू केली की पुन्हा वर येते, आणि मालक ते चालवून घेतो. पण गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत राहतो आणि शेवटी जळतो. मग नवा कॉम्प्रेसर बसतो, पण फुगा तसाच गळका राहिला तर नवाही जळतो. एका चाकाच्या स्ट्रटचे बिल अधिकृत केंद्रात लाखाच्या पुढे जाते, आणि चाके चार असतात. बीएमडब्ल्यूच्या थ्री आणि फाइव्ह सिरीजमधल्या एन-४७ या चार सिलिंडर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन स्वतः फार महाग नाही. पण तिथवर हात पोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिनच खाली उतरवावे लागते, त्यामुळे खरे बिल मजुरीचे होते. थंड इंजिन सुरू करताना मागून घासल्यासारखा आवाज येत असूनही गाडी तशीच पळवली आणि चेन तुटली, तर इंजिनच हातचे जाते.

काही दोष तर कंपन्यांनाही नंतर कळले. डब्ल्यू-२११ या ई-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेक आले. त्यांचा पंप किती वेळा ब्रेक दाबला याची मोजदाद ठेवतो आणि ठरावीक आकडा गाठला की बदलण्याचा इशारा देतो. २००४ मध्ये कंपनीला जगभरातल्या ६ लाख ८० हजार गाड्या या ब्रेकसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि २००६ च्या सुधारित गाडीत ही यंत्रणाच काढून टाकण्यात आली. गिअरबॉक्सच्या ऑइलची गोष्ट वेगळी. अनेक गाड्यांच्या बाबतीत ते 'आयुष्यभर बदलावे लागत नाही' असे गाडीच्या कंपन्या सांगत आल्या, पण ज्यांनी तो गिअरबॉक्स बनवला ती झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ऑइल बदला म्हणते. गाडीचे 'आयुष्य' म्हणजे पहिल्या मालकाचा काळ, असाच या सल्ल्याचा अर्थ निघतो. पहिल्या मालकाने वाचवलेले ऑइलचे पैसे तिसऱ्या मालकाला अख्ख्या गिअरबॉक्सच्या रूपाने भरावे लागतात, याचा मला मनापासून राग येतो.

या गाड्या खालच्या उत्पन्नगटापर्यंत झपाट्याने पोचल्या त्यामागे दिल्लीतल्या घडामोडींचाही हात आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिझेलसाठी दहा आणि पेट्रोलसाठी पंधरा वर्षांची मर्यादा कायम केली. तिथल्या मालकाला आठव्या-नवव्या वर्षी गाडी काढणे भाग पडले, आणि 'दिल्लीची गाडी, एकदम स्वस्त' या नावाखाली ती एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरू लागली. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला ही पर्वणी वाटली. ५० लाखांची गाडी १० लाखांत मिळते आहे, यातली १० ही संख्या त्याला दिसत होती. पण हेडलॅम्प फुटला तर तो ५० लाखांच्या गाडीचाच घ्यावा लागतो. शिवाय महागडे सुटे भाग बहुतांशी युरोपातून येतात. २०१० मध्ये एक युरो साठ-बासष्ट रुपयांना होता, २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. म्हणजे गाडीची किंमत पाचव्या हिश्शावर आली त्याच काळात तिचा सुटा भाग केवळ चलनाच्या फरकाने दीडपटीहून महाग झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा दिलासा खरा आहे. युरोने जे नेले त्यापुढे तो थोडका आहे.

विम्याच्या नियमांत तर हा विसंवाद आकड्यांतच दिसतो. पाच वर्षांपर्यंत गाडीचे विमामूल्य ठरलेल्या तक्त्याने निम्म्यावर येते, पुढचे आपसांत ठरवायचे. झीरो डेप्रिसिएशनचे कवच जुन्या गाडीला बहुधा मिळत नाही, आणि ते नसले की रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅग यांच्या किमतीतले ५० टक्के मालकाच्या खिशातून जातात. धातूच्या भागांवरची कपात दहा वर्षांनंतर ५० टक्के होते. आणि दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. आता ५ लाख विमामूल्याची जुनी गाडी समोरून ठोकली गेली असे समजा. दोन हेडलॅम्प, बंपर, रेडिएटर आणि उघडलेल्या दोन एअरबॅग एवढ्यानेच पावणेचार लाखांची रेघ ओलांडली जाऊ शकते. तेवढाच अपघात नव्या गाडीला झाला असता तर ती आठवडा-पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन रस्त्यावर आली असती. जुनी गाडी भंगारात निघते, मागे कर्जाचे हप्ते राहतात, आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा दर त्या १५० मर्सिडीजना मिळालेल्या ७ टक्क्यांसारखा नसतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. ५० लाखांची गाडी सात-आठ वर्षांनी १२ लाखांत मिळाली तर ३८ लाखांची घट पहिल्या मालकाने सोसली. मग वर्षाला दोन लाख दुरुस्तीवर गेले तरी पाच वर्षांत १० लाखच होतात, तरीही २८ लाख वाचले! हिशेब बिनचूक आहे, पण तो त्या माणसाला लागू आहे ज्याच्यापुढे नवी ५० लाखांची गाडी हा दुसरा पर्याय होता. बारा लाखांत जुनी ऑडी घेणाऱ्यापुढे खरा पर्याय असतो बारा-पंधरा लाखांच्या नव्या गाडीचा, जिला तीन वर्षे वॉरंटी आहे, जिचे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जिची पाच वर्षांनंतरही बरी किंमत येते. त्या तुलनेत वर्षाचे दोन लाख ही बचत ठरत नाही. तो जास्तीचा खर्च आहे, आणि तो सांगून येत नाही. पगारदार माणूस वर्षभर शून्य खर्च आणि मग एकदम तीन लाख अशा खर्चासाठी तयार नसतो. तो दुरुस्ती पुढे ढकलतो, आणि एअर सस्पेंशनच्या उदाहरणात पाहिले त्याप्रमाणे पुढे ढकललेली दुरुस्ती दुसरा भाग घेऊन जाते. ज्याच्याकडे गाडीच्या किमतीच्या वर दोन-चार लाख बाजूला पडलेले आहेत आणि रोजच्या धावपळीला दुसरे वाहन आहे, त्याने खुशाल घ्यावी. उत्तम बांधणीच्या गाडीचा आनंद खोटा नसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अधिकृत केंद्राकडे जायचेच कशाला? गेल्या दशकात पुणे, मुंबई, ठाण्यात फक्त जर्मन गाड्यांचे काम करणारी स्वतंत्र गॅरेजे उभी राहिली. सस्पेंशनचा जो आर्म कंपनीच्या खोक्यात येतो, तोच लेमफोर्डरच्या खोक्यात बराच स्वस्त मिळतो, कारण तो मुळात लेमफोर्डरनेच बनवलेला असतो. साक्स, माले, बॉश यांचेही तसेच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळतात ते वेगळेच. या मार्गाने बिल निम्म्यापर्यंत खाली आणता येते, हे मान्यच केले पाहिजे. पण हा मार्ग आपल्याकडे आपोआप खुला झाला नाही, आणि आजही तो पुरता खुला नाही. २०११ च्या एका तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ गाडी कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि स्कोडाही होत्या. सुटे भाग खुल्या बाजारात न विकणे आणि तपासणीची उपकरणे बाहेरच्या गॅरेजांना न देणे, हा ठपका होता. ते भाग आणि ती साधने खुली करा, असा आयोगाचा आदेश होता. पुढे प्रकरण न्यायालयांत अडकले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राचे 'राइट टू रिपेअर' पोर्टल आले, पण सक्तीचा कायदा आला नाही.

त्याचा परिणाम गॅरेजच्या पिटवर दिसतो. आजच्या अनेक गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी ती गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालत राहते. नोंद करायला योग्य स्कॅनर आणि सॉफ्टवेअर लागते. ते ज्याच्याकडे नाही तो मिस्त्री कितीही हुशार असला तरी अंदाजाने एकेक भाग बदलत जातो, आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचे पैसे मालक भरतो. दोष मिस्त्रीच्या हाताचा नाही, त्याच्यापासून लपवलेल्या माहितीचा आहे. ग्राहक संघटनांनी आणि आपल्या खासदारांनी संसदेत हा विषय लावून धरला पाहिजे, कारण २०१४ चा आदेश प्रत्यक्षात उतरला तर या गाड्या खरोखरच मध्यमवर्गाच्या आवाक्यात येतील.

सरकारने मधल्या काळात वाढवली ती फी. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाची ६०० रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली, आयात गाडीसाठी ४०,००० झाली, आणि वर हरित कर आहेच. दुरुस्तीच्या बिलांपुढे या रकमा लहान आहेत, पण गाडी १२-१३ वर्षांची असताना घेणाऱ्याने त्या पहिल्याच दिवशी जमेस धराव्यात.

तेव्हा जुनी आलिशान गाडी पाहायला निघाला असाल तर विक्रेत्याने सांगितलेली किंमत थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याच मॉडेलच्या हेडलॅम्प, सस्पेंशन स्ट्रट, टर्बो आणि गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिक युनिटचे आजचे दर लेखी मागवा. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी ती कोपऱ्यात बसते का ते पाहा. इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करायला लावा. आपल्या खर्चाने, आपण निवडलेल्या गॅरेजमध्ये स्कॅन करून घ्या. मीटर मागे फिरवलेला असला तरी काही गाड्यांत किलोमीटरची नोंद चावीत आणि इतर मोड्युलांतही राहते. सर्व्हिसच्या नोंदी सलग नसतील, किंवा विक्रेता स्कॅनला नाही म्हणत असेल, तर ती गाडी घेऊ नका.