विंचवाचा रुग्ण, आठ विद्यार्थी

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे सोडले की कोलाडच्या आधी खांब हे गाव लागते. इथून वर वडखळमार्गे अलिबाग. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 2021-22 साली शंभर जणांची पहिली तुकडी आली. खाली महाड. त्याजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले आणि विंचू चावलेली माणसे का दगावतात, हे रुग्णाच्या उशाशी बसून पाहू लागले. ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये छापली, तर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग 1986 मध्ये. छोट्या गटात वैद्यक शिकवण्याच्या पद्धती मला अशाच एका रुग्णावर ताडून पाहायच्या आहेत. लाल विंचू चावलेला शेतकरी, अंग घामाने निथळते आहे, हातपाय गार.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये समस्याधारित शिक्षण, म्हणजे पीबीएल, सुरू केले. यात आठेक विद्यार्थ्यांपुढे फक्त वरची लक्षणे ठेवायची. विंचवाचा उल्लेखही नको. आधी व्याख्यान नाही. आपल्याला काय ठाऊक नाही, हे मुलांनीच फळ्यावर लिहायचे, वाचून यायचे, पुन्हा बसायचे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टने या वाटेच्या सात पायऱ्या बांधून दिल्या. घाम आणि गारठा यांच्यामागे शरीरातच उसळलेली अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांची लाट आहे, त्या लाटेने हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी होते, इथवर गट आपल्या पायांनी पोचला तर ते ज्ञान पक्के बसते. पण गट भरकटला तर दोन तास वाया जातात, आणि दर गटाला एक शिक्षक लागतो, तोही उत्तर ठाऊक असून गप्प बसू शकणारा. असे शिक्षक मोजकेच.

केसवर आधारित पद्धतीत, सीबीएलमध्ये, मुले वाचून येतात आणि चर्चा सुटू लागली की शिक्षक तिला रुळावर आणतो. कॅलिफोर्नियातल्या दोन वैद्यकीय महाविद्यालयांनी पीबीएल सोडून हा मार्ग धरला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत 89 टक्के विद्यार्थी आणि 84 टक्के शिक्षकांनी नव्या पद्धतीला कौल दिला. आवडणे म्हणजे शिकणे नव्हे, हे खरे. तरी भरकटणे कमी झाले, हे त्यांनी दिलेले कारण मला वजनदार वाटते.

तिसरी पद्धत, संघाधारित शिक्षण म्हणजे टीबीएल, मूळची वैद्यकातली नव्हेच. ओक्लाहोमा विद्यापीठात व्यवस्थापन शिकवणाऱ्या लॅरी मायकलसन यांच्या वर्गात 1970 च्या दशकाअखेर 120 विद्यार्थी झाले, तेव्हा त्यांनी ती घडवली. आधी प्रत्येकाने एकट्याने छोटी परीक्षा द्यायची, मग तीच गटाने, मग साऱ्या गटांनी एकाच प्रश्नावर एकाच वेळी निर्णय सांगायचा: आपल्या रुग्णाला प्राझोसिन आत्ता द्यायचे की थांबायचे? का? शंभरांच्या वर्गाला एक शिक्षक पुरतो. अलिबागसारख्या नव्या महाविद्यालयाने सुरुवात इथून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे 2019 पासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. व्याख्याने एकतृतीयांशाहून अधिक नकोत, असे तो सांगतो. छोटे गट आपल्याला नवे नाहीत; वॉर्डातले क्लिनिक हा आपला जुना छोटा गटच होता. एकाने केस प्रेझेंट करायची, सरांनी खोदून विचारायचे. मात्र खाटेभोवती वीस-वीस जण उभे राहू लागले, तेव्हा मागच्यांना रुग्णाचा चेहराही दिसेनासा झाला.

मॅकमास्टरचा प्रयोग सुरू झाला, त्याच 1969 साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महाविद्यालय काढले. तिथे पहिल्या वर्षाची मुले खेड्यात शिबिराला राहतात, काही घरे आपली मानतात आणि पुढेही तिथे जात राहतात. आता देशभर कुटुंब दत्तक योजनेने तेच प्रत्येक विद्यार्थ्यावर सोपवले आहे. मला ही पद्धत सर्वांत मोलाची वाटते, कारण कागदावरच्या केसमध्ये दंशाची वेळ असते, घराची हकिगत नसते. खांबच्या एखाद्या ओटीवर चार मुले बसली तर त्यांना ती विचारता येईल: चावल्यावर आधी कोणाला बोलावले, गाडी कोणाची मिळाली, आणि तिची वाट पाहण्यात किती वेळ गेला?