कुरळ्या केसांचे धुणे व स्निग्धता

डहाणू तालुक्यातील रानशेतसारख्या गावी सरळ, लहरी व कुरळे असे तिन्ही प्रकारचे केस कित्येकदा एकाच घरातील भावंडांत आढळतात; धुण्याची व विंचरण्याची रीत मात्र सर्वांस एकच लाविली जाते. साबणाने खसखसून धुतलेले केस वाळले की त्यांतून बारीक दातांची फणी ओढावयाची, केस तुटू लागले की ‘हिचे केसच राठ’ असा निकाल द्यावयाचा, आणि अखेरीस ते कापून टाकावयाचे, असा प्रसंग कुरळ्या केसांच्या मुलीवर पुष्कळदा येतो. वस्तुतः हा राठपणा बव्हंशी केसाच्या जातीचा नसून धुण्याच्या रीतीचा परिणाम होय.

केस ज्या कूपातून उगवतो तो सरळ असल्यास केसही सरळ येतो व त्याचा आडवा छेद बहुधा वाटोळा असतो. कूप वाकलेला असल्यास केसाच्या दोन बाजूंची घडण विषम होते, छेद चपटा होतो आणि केस वळत वाढतो. केसावर माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर चढलेल्या पापुद्र्यांचे आवरण असते. वळणाच्या बाहेरील बाजूस हे पापुद्रे ताणले जाऊन उचलले जातात. केस तुटतो तो बहुधा अशा वळणावरच. याला आणखी एका अडचणीची जोड मिळते. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारा स्निग्ध पदार्थ सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरतो. कुरळ्या केसाच्या वेटोळ्यांतून तो फार दूर जात नाही. यामुळे मुळाशी तेलकट व टोकाशी कोरडा अशी त्याची स्थिती होते. जे काम सरळ केसांत त्वचा आपोआप करते, ते कुरळ्या केसांत हाताने करावे लागते.

साबण व राखेचे पाणी ही दोन्ही अल्कधर्मी आहेत. अल्काने केस फुगतो, पापुद्रे उघडतात व एका केसाचे पापुद्रे दुसऱ्याच्या पापुद्र्यांत अडकून गुंता होतो. विहिरीचे अथवा हातपंपाचे पाणी जड असेल, तर त्यातील चुन्याचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका केसांवर बसतो. कितीही पाणी ओतले तरी तो निघत नाही. शिकेकाईच्या शेंगांचा काढा त्या मानाने सौम्य आहे. त्यातील सॅपोनिन द्रव्यांमुळे फेस येऊन मळ सुटतो, काढा किंचित आम्लधर्मी असल्याने पापुद्रे मिटलेले राहतात, आणि जड पाण्यात साका पडत नाही. रिठ्यासही हाच फेसाचा गुण आहे. तथापि तो डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो, म्हणून लहान मुलांच्या बाबतीत जपावे.

परंतु धुणे कितीही सौम्य असले तरी ओला होणे हेच केसाला एक ओझे आहे. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषून फुगतो व वाळताना आकसतो. असे वरचेवर घडल्याने तो झिजतो. येथे अभ्यंगस्नानातील क्रम विचारात घेण्याजोगा आहे. त्यात तेल आधी लावितात व न्हाणे मागाहून होते. मुंबईतील रेले व मोहिले या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफुलाचे व खनिज अशा तीन तेलांची तुलना प्रसिद्ध केली. केसातील प्रथिनाची झीज तिहींपैकी केवळ खोबरेलाने कमी झाली, व ती धुण्यापूर्वी लाविले असताही झाली. खोबरेलात लॉरिक हे आखूड, सरळ साखळीचे मेदाम्ल प्रमुख आहे. त्यामुळे त्याचे रेणू केसाच्या आत शिरून फुगण्यास आळा घालू शकतात. हे संशोधन खोबरेलाच्याच व्यापारातील संस्थेत झाले, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. मात्र तेल केसात शिरते याला प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेच्या सहकार्याने झालेल्या 2001 मधील निरीक्षणाचाही आधार आहे.

नारळ हे किनाऱ्याचे झाड. डोंगराकडील पाड्यांना जवळचे ते मोहाच्या बियांचे तेल. त्यातील मेदाम्ले बहुतांशी लांब साखळीची आहेत, म्हणून आत शिरण्याचा खोबरेलाचा गुण त्यात गृहीत धरता येणार नाही. केसावर थर देऊन घर्षण कमी करणे हे काम मात्र तेही करते, आणि कुरळ्या केसांस त्याचीही गरज असतेच. तेल कोणतेही असो, कुरळ्या केसांत ते टाळूवर थापण्यापेक्षा मधोमध व टोकांस लावावे. कोंडा असेल तर टाळू मोकळीच ठेवलेली बरी, कारण कोंड्याशी संबंध असलेली बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसली जाते.

न्हाल्यावर लागते ती बुळबुळ. जास्वंदीची पाने पाण्यात चुरून अथवा भेंडी उकळून निघणारा चिकट रस याच कामाचा आहे. केसांवरून केस घसरू लागतात व गुंता बोटांनीच सुटतो. बाजारी कंडिशनरचे कार्य थोडे निराळे. ओल्या केसाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, विशेषतः झिजलेल्या टोकांशी. कंडिशनरमधील धनभारित स्निग्ध रेणू तेथेच अधिक चिकटतात व धुतल्यावरही राहतात. वनस्पतीचा रस धुपून जातो, हा दोहोंतील भेद होय. किमतीचा विचार करता टोकांपुरता चमचाभर कंडिशनर वापरणे हा मध्यम मार्ग दिसतो.

सरळ केस ओले असताना विंचरू नयेत हा नियम योग्य आहे, परंतु कुरळ्यांस तो लागू करणे हीच मूळ चूक. कोरडा कुरळा केस वेटोळ्यांत अडकलेला असतो. ओला व बुळबुळीत असताना वेटोळी सैल होतात. म्हणून रुंद दातांच्या फणीने, टोकांपासून आरंभ करून वर मुळाकडे जावे. टॉवेलने न घासता मऊ सुती कापडाने टिपावे. पावसाळ्याच्या दमट हवेत केस पुन्हा पाणी ओढून विस्कटतात. अशा वेळी कोरडी फणी न लावता ओल्या हाताने थेंबभर तेल चोळणे पुरते.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना उवांसाठी बारीक फणी टाळता येत नाही. तीही याच वेळी वापरावी: केस भिजलेले, बुळबुळीत रस अथवा कंडिशनर लाविलेला, रुंद फणीने गुंता आधीच काढलेला. अशा केसांतील उवा हालचाल मंदावल्याने फणीत सहज येतात, आणि केस तुटत नाहीत.