हृदयविकार : जनुकांचा वाटा किती?

काही कुटुंबांत आजोबा, वडील, काका अशा अनेकांना पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका येतो; तर काही घरांतले आजोबा नव्वदीतही काठी न घेता फिरतात. तंबाखू, आहार, रक्तदाब, मधुमेह यांचा परिणाम मोठा आहेच; परंतु काही वाटा आपण जन्मतःच बरोबर आणतो. तो कसा, हे एका जनुकाच्या उदाहरणाने पाहू.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून त्याची ने-आण मेद व प्रथिने यांच्या सूक्ष्म कणांतून होते. यांपैकी ‘एलडीएल’ कणांचे प्रमाण फार झाले, की ते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भित्तीत शिरून साठू लागतात. हा थर नळात आतून बसणाऱ्या क्षारांसारखा नसतो; तो भित्तीच्या आतच वाढतो. एखादे दिवशी तो फुटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खुंटतो.

रक्तातील एलडीएल काढून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावर त्यासाठी विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. ग्राही कणाला पकडून पेशीत नेतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येतो. या ग्राहींचा शोध लावणारे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राहीच्या जनुकात दोष असला, की एलडीएल लहानपणापासूनच वाढलेले राहते. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

2003 मध्ये फ्रान्समधील काही कुटुंबांच्या अभ्यासातून आणखी एक जनुक पुढे आले : ‘पीसीएसके-9’. याचे प्रथिन ग्राहीला चिकटते व त्याला पेशीतच नष्ट करवते. हे प्रथिन अधिक जोमदार झाले, तर ग्राही घटतात व एलडीएल वाढते. मग हे जनुक निकामी झाले तर? असे लोक 2005 मध्ये अमेरिकेत सापडले. त्यांचे एलडीएल कमी होते आणि प्रकृती ठणठणीत!

2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पंधरा वर्षे चाललेल्या पाहणीत, कृष्णवर्णीय अमेरिकनांपैकी शेकडा 2.6 जणांत असे निकामी जनुक आढळले. त्यांचे एलडीएल सरासरी 28 टक्के कमी होते. हृदयविकाराचा धोका मात्र 88 टक्के कमी! गटातील माणसे थोडी असल्याने हा आकडा ढोबळ मानावा. तरीही फरक लक्षणीय आहे.

असे का व्हावे? एक साधे गणित करू. एकाचे एलडीएल 140 व दुसऱ्याचे 100 आहे असे समजा. भित्तीवरचा भार म्हणजे ‘पातळी गुणिले वर्षे’ असे धरले, तर पन्नासाव्या वर्षी पहिल्याचा भार 7000 होतो. दुसऱ्याला तेथे पोहोचण्यास सत्तर वर्षे लागतात. पहिल्याने पन्नाशीनंतर औषधाने पातळी 100 वर आणली, तरी सत्तराव्या वर्षी त्याचा भार 9000 भरतो. प्रत्यक्ष शरीर इतके सरळ नाही. पण पातळीइतकाच काळही महत्त्वाचा, हे यावरून कळते. निसर्गाने केलेल्या या प्रयोगातूनच पीसीएसके-9 ला अडवणारी औषधे निघाली; 2015 पासून ती वापरात आहेत.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र एकच जनुक नव्हे, तर अनेक जनुकांतील बारीक भेद मिळून धोका ठरवतात. म्हणजे सारे विधिलिखितच का? मुळीच नाही. 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात, आनुवंशिक धोका जास्त असलेल्यांपैकी ज्यांची राहणी चांगली होती, त्यांच्यात हृदयविकाराचा धोका वाईट राहणी असलेल्यांपेक्षा 46 टक्के कमी आढळला. धूम्रपान न करणे, व्यायाम, योग्य आहार व स्थूलपणा टाळणे, एवढीच ती राहणी!

तेव्हा कुटुंबात कोणाला तरुण वयात हृदयविकार झाला असेल, तर घरातील इतरांनी, मुलांनीसुद्धा, डॉक्टरांच्या सल्ल्याने कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. वरच्या गणितात वर्षांनाही गुणक आहे. म्हणून जितके लवकर कळेल, तितका लाभ अधिक.