नाव आणि पुरावा

पावसाळ्यात कोकणातल्या ओल्या जांभ्यावर, विहिरीच्या कठड्यावर हिरवे चपटे पापुद्रे धरतात. आपण त्यांना सरसकट शेवाळ म्हणतो. त्यांतल्या काही वनस्पतींना शास्त्रात यकृतका म्हणतात, इंग्रजीत लिव्हरवर्ट. त्यांना फूल नाही, बी नाही, खरे मूळही नाही. काहींचा आकार यकृतासारखा दिसला, म्हणून जुन्या काळी युरोपात त्या यकृताच्या दुखण्यावर देत. दिसण्यावरून गुण ठरवला गेला आणि तेच नाव कायम राहिले.

आज नवी जात ठरवताना असा अंदाज चालत नाही. उष्ण प्रदेशातल्या दमट जंगलांत यकृतकांच्या नव्या जाती अजूनही सापडतात. नमुना कागदी पाकिटात ठेवून त्यावर जागा, उंची आणि तारीख लिहितात. पेशींतले तैलकण वाळल्यावर नाहीसे होतात, म्हणून ते ताजेपणीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. मग जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांशी ताडून पाहायचे. वेगळेपणाची खात्री पटली, की वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत छापायचे आणि मूळ नमुना संग्रहालयात अमानत म्हणून ठेवायचा. उद्या कुणाला शंका आली, तर तो काढून पाहता येतो.

केनियाच्या ॲबरडेअर डोंगरांतल्या एका चिमुकल्या यकृतकेची गोष्ट पाहू. तिच्या पानांना पाण्याच्या पिशव्या असतात आणि पिशवीचे झाकण फक्त आत उघडते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एबरहार्ड फिशर यांनी 1998 मध्ये तिचे नाव ठेवले कोलुरा झूफागा, म्हणजे प्राणी खाणारी. पुढे 2000 मध्ये फिशर, बार्टलॉट आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाचे निष्कर्ष छापले. एकपेशी जीव पिशवीत शिरत होते आणि अडकून पडत होते. म्हणजे सापळा असल्याचे सिद्ध झाले. पण अडकवणे वेगळे आणि पचवणे वेगळे. पचनाला वेगळा पुरावा लागतो.

आपल्या घरांतही ‘काविळीवर हमखास’ म्हणून कुणी पाला आणून देते. देणाऱ्याची नियत नेक असते. तरी नावावर आणि रूपावर भरवसा ठेवून तो आजाऱ्याला देऊ नये; आधी डॉक्टरांना विचारावे. नखाएवढ्या वनस्पतीला नाव देण्याआधी एवढी पारख होते, तर घरच्या माणसाच्या जिवासाठी आपण तेवढी तरी करायला हवी.