फास्टॅग बदलताना जुना हिशोब जपा
औशाहून तुळजापूर किंवा लातूर-नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 361 वर गाडी घालायची तर फास्टॅग हवाच. फेब्रुवारी 2021 पासून तो सक्तीचा आहे. ‘एक वाहन, एक फास्टॅग’ नियमामुळे नवा टॅग चालू झाला की जुना बंद होतो. शिल्लक आणि अनामत परत मागता येते. टोलच्या नोंदी मात्र टॅग देणाऱ्या बँकेकडे असतात. बँक बदलली तर त्या आपोआप नव्या खात्यात येत नाहीत. म्हणून जुने खाते बंद करण्याआधीच त्याचे संपूर्ण विवरण उतरवून घ्या. टेम्पो-ट्रक भाड्याने चालवणाऱ्यांनी तर यात हयगय करूच नये, कारण व्यवसायाचा खर्च दाखवताना हाच पुरावा लागतो. दोन्ही टॅगचे क्रमांक आणि बदलाची तारीख गाडीच्या नंबरापुढे वहीत लिहून ठेवा.