तीन खेळ आणि एक खेळाडू

पोहणें, सायकल चालविणें आणि धावणें हे तीन उद्योग मुलें आपखुशीनें करितात. मध्यें विसावा न घेतां या तिहींची जी एक सलग शर्यत होते, तिला ट्रायथलॉन म्हणतात. ऑलिंपिक सामन्यांत तिचा प्रवेश २००० सालीं सिडनी येथें झाला. तेथें १.५ किलोमीटर पोहून, ४० किलोमीटर सायकल चालवून, शेवटीं १० किलोमीटर धावावें लागतें. मुलांची मौज आणि ही जागतिक कसोटी यांच्यामधील वाट कशी आंखावयाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. इंग्लंडांतील लीड्स शहराचा अनुभव या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

अलिस्टर आणि जॉनी ब्राउनली हे दोघे बंधु याच यॉर्कशर परगण्यांत वाढले. आई पोहणारी, वडील धावणारे. ट्रायथलॉनची ओळख घरच्याच एका आप्तानें करून दिली. परगण्यांतील टेंकड्यांवर धावणें आणि गांवच्या क्लबांत पोहणें, हीच त्यांची पहिली शाळा. २००६ सालीं अलिस्टर १८ वर्षांचा असतां ज्युनियर गटाचा जगज्जेता झाला. त्यानंतर केंब्रिज येथें वैद्यकाच्या अभ्यासासाठीं तो गेला; परंतु लौकरच तें सोडून लीड्सच्या विद्यापीठांत आला. २०१२ सालीं लंडन येथें अलिस्टरला सुवर्णपदक व जॉनीला कांस्यपदक मिळालें; २०१६ सालीं रिओ येथें पुन्हां सुवर्ण व रौप्य याच घरांत आलें.

या खेळांत घाई कां घातक ठरते, हें कळण्यासाठीं शरीराकडेच पाहिलें पाहिजे. पोहण्याचें वळण लहान वयांत लागलेलें बरें; कारण पाणी शरीराचा भार तोलून धरतें, आणि एकदां साधलेली लकब पुढें सहसा जात नाहीं. सायकलवरहि बराचसा भार बैठकीवर पडतो. धावण्याची गोष्ट निराळी. तेथें दर पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. वाढीच्या वयांत हाडें झपाट्यानें लांबतात. स्नायूंना हाडांशीं जोडणाऱ्या कंडरा मात्र त्या वेगानें बळकट होत नाहींत. म्हणून जाणता शिक्षक धावण्याचें प्रमाण बेताबेतानेंच वाढवितो. ज्युनियर गटाची जागतिक शर्यतहि निम्म्या अंतराची, म्हणजे ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटर अशी ठेवलेली आहे.

दुसरें संकट ताटांतलें आहे. तीन खेळांचा सराव करणाऱ्याला आहारहि तितकाच भरपूर लागतो. अंग हलकें असलें कीं पाय वेगानें पडतात, या समजुतीनें जेवण तोडलें, तर कांहीं काळ वेळ सुधारल्यासारखी दिसते. पण पुढें हाडें ठिसूळ होतात, मुलींचा मासिक ऋतु बंद पडतो, आणि शेवटीं खेळच सुटतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या विकाराला खेळांतील सापेक्ष ऊर्जान्यूनता या अर्थाचें नांव देऊन त्याची दखल घेतली. चौदाव्या वर्षाचें पदक कधीं कधीं विसाव्या वर्षाच्या खेळाचें मोल देऊन विकत घेतलेलें असतें, तें असें.

वरच्या पायरीवर पोहोंचलेल्याला आधार लागतो तो निराळ्या जातीचा. २०१२ च्या आरंभीं अलिस्टरच्या टाचेवरील कंडरेला इजा झाली. वैद्यांच्या देखरेखीखालीं त्यानें धावण्याचा सराव पाण्यांतच चालू ठेवला, आणि त्याच ऑगस्टमध्यें तो ऑलिंपिक जिंकला. दुसरा आधार सोबत्यांचा. विकी हॉलंड व नॉन स्टॅनफर्ड या दोघी लीड्समध्यें एकाच घरांत राहून एकत्र सराव करीत. रिओ येथें कांस्यपदकासाठीं त्यांच्यांतच चुरस लागली. हॉलंडला तें मिळालें, स्टॅनफर्ड अवघ्या कांहीं सेकंदांनीं चौथी आली. जिच्याशीं झुंजावयाचें तिच्याच सोबतीनें रोज घाम गाळावयाचा, यांतच अशा केंद्राचें बळ आहे.

पैशाचा प्रश्न मात्र उरतोच. १९९६ सालीं अटलांटा येथें ब्रिटनला एकच सुवर्णपदक मिळालें. त्यानंतर राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नांतून निवडक खेळाडूंच्या सरावाला मदत मिळूं लागली, आणि पदकें वाढलीं. परंतु अशा मदतीचा हिशेब पदकांवर आणि चार वर्षांच्या मुदतीवर चालतो; मुलाची वाढ त्या मुदतीला जुमानीत नाहीं. लंडनचा अलेक्स यी १९ वर्षांचा असतां २०१७ सालीं इटलींतील कालियारी येथें शर्यतींत सायकलवरून कोसळला. बरगड्या व मणके मोडले, एका फुफ्फुसालाहि इजा झाली. त्याला सावरण्यास अवधि मिळाला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें २०२१ सालीं त्यानें रौप्यपदक मिळविलें, आणि २०२४ सालीं पॅरिस येथें शेवटच्या कांहींशे मीटरांत न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला मागें टाकून सुवर्ण जिंकलें.

तेव्हां मुलाचा आजचा क्रमांक कितवा, हा प्रश्न पालकांनीं व शिक्षकांनीं दुय्यम मानावा. त्याची झोंप पुरती होते काय, जेवण पोटभर असतें काय, दुखरा पाय तो मोकळेपणीं सांगतो काय, आणि उद्यां सकाळीं पुन्हां तलावावर जाण्याची त्याला ओढ आहे काय, हें आधीं पाहावें. या चारांचीं उत्तरें होकारार्थी असलीं, तर क्रमांकासाठीं थांबावयास पुष्कळ वर्षें हातीं असतात.